चार नंबरची बरणी

आमच्या सरांच्या शर्टाचा डावा खिसा कायम पांढरा असायचा. नव्याने आलेल्या पोरींना वाटायचं, प्राध्यापक माणूस, फळ्याचा खडू खिशात ठेवत असेल. छे! फळ्याचा खडू सरांना वेळेवर कधी सापडला असेल तर शप्पथ. खिशात असायचा टेलरचा चपटा, तिकोनी खडू, तिन्ही कोपरे झिजलेला. त्यांचे वडील चौसाळ्यात टेलर होते. ते गेले तेव्हा भावांनी मशीन घेतलं, दुकान घेतलं, आणि सरांच्या वाट्याला कात्री आणि खडूचा डबा आला. तो डबा त्यांनी तीस वर्षं पुरवला. प्राणिशास्त्राच्या तासाला टेबलावर, बाकावर, एकदा तर माझ्या वहीच्या निळ्या कव्हरवरसुद्धा त्यांनी त्याच खडूने आकृत्या काढल्या. हातात खडू आणि समोर मोकळी जागा दिसली की त्यांना राहवायचं नाही.

पँट ते स्वतःच शिवायचे. एक पाय दुसऱ्यापेक्षा बोटभर लांब. कुणी हसलं तर म्हणायचे, "अब्बांनी मला शिकवलं, पण डावा पाय शिकवायच्या आधी मी कॉलेजात गेलतो." हे सांगताना चेहरा इतका गंभीर की हसावं का नाही ते कळायचं नाही.

मी उमापूरची. घरी कापूस आणि ऊस. एम.एस्सी. करायला तालुक्याच्या कॉलेजात आले तेव्हा मला वाटलं होतं, आता मोठमोठी जनावरं शिकायला मिळणार. सरांनी पहिल्याच दिवशी लोणच्याची एक बरणी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "बघ." आत पाणी, थोडं शेवाळ, बाकी काही नाही. मी म्हटलं, "सर, रिकामी आहे." ते म्हणाले, "सगळे असंच म्हणतात. बस, अन् बघ." अर्धा तास बघितल्यावर मला काचेला चिकटलेला दोऱ्याचा एक तुकडा दिसला, आणि त्या तुकड्याला सहा हात होते. तो हायड्रा. मेंदू नाही, हृदय नाही, नुसतं एक पोट आणि पोटाला हात. तो शिकारीच्या मागे जात नाही. हात पसरून बसतो, आणि जे येऊन हाताला धडकेल ते गिळतो. मी मनात म्हटलं, झालं, दोन वर्षं हा दोरा बघण्यात जाणार. आणि गेलीही.

हे हायड्रे सर चौसाळ्याजवळच्या एका जुन्या विहिरीतून आणायचे, एस.टी.ने, बरणी मांडीवर धरून. एकदा कंडक्टरने विचारलं, "काय हाय मास्तर बरणीत?" सर म्हणाले, "जनावरं हायेत. तिकीट लागतं का?" कंडक्टरने बरणी उजेडात धरली, फिरवली, डोळे बारीक करून बघितलं आणि परत दिली. "मास्तर, दिसतच न्हाईत तर तिकीट कुणाचं फाडू?" ही गोष्ट सर प्रत्येक नव्या बॅचला सांगायचे आणि दर वेळी पहिल्यांदाच सांगितल्यासारखे हसायचे.

आमच्याशी ते मराठीत बोलायचे, प्राचार्यांवर चिडले की इंग्रजीत, आणि हायड्र्यांशी मात्र घरच्या दख्खनीत. सकाळी प्रयोगशाळा उघडली की आधी बरण्यांपुढे वाकून, "क्यूं भई, खाना खाया?" आम्ही मागे उभं राहून तोंडात ओढणी कोंबायचो.

आता त्यांच्या वेडाचं सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. शरीरातली एकेक वस्तू बनवायचा नमुना जीनमध्ये असतो. त्याची आधी एक लांबलचक नक्कल निघते. तिच्यातले नको ते तुकडे कापून टाकतात, हवे ते जोडतात, तेव्हा ती नक्कल कामाची होते. गंमत अशी की कुठला तुकडा नको, हे दर वेळी एकसारखं ठरत नाही. एकाच जीनमधून कधी हा तुकडा ठेवून एक वस्तू बनते, कधी तोच वगळून दुसरी. सर वर्तमानपत्राची पट्टी घ्यायचे, तिच्यावर खडूने पाच घरं आखायचे, तिसरं घर कात्रीने उडवायचे आणि उरलेलं डिंकाने जोडायचे. "एकाच कापडातून फुल बाहीचा शर्ट, अन् त्यातूनच हाफ बाहीचा. कापड तेच. कात्री पण तीच, सगळ्यांकडं सारखी. मग फरक कुठं हाय?"

आम्ही सगळे कात्रीकडेच बघायचो.

"खडूत हाय! कात्री आंधळी अस्ती. खडूची खूण असंल तिथं ती चालती. पेशीत काही प्रथिनं अस्तात, ती त्या नकलेवर जाऊन बसतात अन् सांगतात, हितं काप, हे सोडून दे. त्यो खडू. आता मला सांगा, खडू कुणाच्या हातात हाय?"

हा प्रश्न ते कुठेही विचारायचे. कॅन्टीनमध्ये, परीक्षेच्या हॉलमध्ये, कुणाच्या लग्नाच्या पंगतीत. माणसात हे सगळं इतकं गुंतागुंतीचं आहे की हात घालायची सोय नाही, म्हणून त्यांनी साधं जनावर धरलं. हायड्राच्या एका पाच तुकड्यांच्या जीनवर ते तीन वर्षं बसले होते. त्यातला तिसरा तुकडा कधी राहतो, कधी जातो. सरांना दिसलं होतं की उबेत राहतो आणि थंडीत जातो. तीन बरण्या खोलीत, तीन बरण्या फ्रीजमध्ये. फ्रीजचा काटा अगदी कमी थंडीवर. दोनदा करून बघितलं, दोन्ही वेळा हेच. म्हणजे खडू थंडीच्या हातात!

पुण्याच्या एका संशोधन संस्थेतल्या मॅडमना त्यांनी हे कळवलं. मॅडम म्हणाल्या, आणखी एकदा करून दाखवा, मग आपण मिळून शोधनिबंध पाठवू. सर मेअखेर निवृत्त होणार होते. तीस वर्षं शिकवलं, हजारो बेडूक फाडले, पण स्वतःच्या नावावर शोध म्हणून एक ओळ छापून आली नव्हती. ती येणार म्हणून माणूस नुसता हरखून गेला होता. शर्टाचा उजवा खिसाही पांढरा व्हायला लागला.

सरांची आणखी एक खोड सांगायची राहिली. उत्तरपत्रिकेवर त्यांनी कधी फुली मारली नाही. चुकलं असेल तिथे गोल करायचे आणि बाजूला लिहायचे, "हे कुठून आलं?" एका मुलाने बेडकाला चार फुप्फुसं लिहिली होती. सरांनी त्याला बोलावून तासभर विचारलं, चारच कावून, तीन कावून न्हाई? तो बिचारा रडकुंडीला आला. शेवटी निघालं ते असं, की पुस्तकातल्या चित्राच्या मागच्या पानावरची शाई पुढे उमटली होती. सर इतके खूश झाले की त्याला चहा पाजला. "बघा, चूक पण कुठून तरी येती. खोडली असती तर कळलं असतं का?"

आणि अशा माणसाच्या हाताखाली मी काय केलं, ते ऐका.

जानेवारीत सरांना आठ दिवस परीक्षेच्या कामावर बाहेरगावी जावं लागलं. बरण्या माझ्यावर सोपवल्या. नियम असा: रोज प्रत्येक बरणीत पाण्यातल्या दहा पिसवा सोडायच्या. पिसवा म्हणजे कॉलेजच्या हौदात तुरुतुरु उड्या मारणारे बारीक किडे, तेच हायड्र्याचं जेवण. काय केलं, किती घातलं, सगळं वहीत लिहायचं. आणि फ्रीजचं दार जास्त वेळ उघडं ठेवायचं नाही.

बाहेरच्या तीन बरण्यांत मजा होती. पिसवा नाचायच्या, हाताला धडकायच्या, हायड्रे गिळून टम्म. फ्रीजमध्ये मात्र पिसवा सोडल्या की गारठून तळाशी जाऊन पडायच्या, आणि हायड्रे वर काचेला चिकटून, हात पसरून, वाट बघत बसलेले. कुणी धडकतच नव्हतं. चार नंबरची बरणी अगदी पुढे होती. तिच्यातल्या एका हायड्र्याच्या अंगाला पिल्लू फुटलं होतं, आणि तो असा काही वाळला होता की मला बघवेना. घरी गाय वासराला चाटताना बघत वाढलेली मी. ड्रॉपरने एक पिसू उचलली आणि त्याच्या हाताला नेऊन लावली. पटकन धरली त्याने! मग दुसऱ्याला, तिसऱ्याला. आठही दिवस चार नंबरच्या सगळ्यांना मी असं हाताने भरवलं. पाचला आणि सहाला नाही, कारण दार किती वेळ उघडं ठेवणार? वहीत लिहिलं, "सर्व बरण्या, दहा-दहा." सर रागावतील म्हणून लिहिलं नाही. दुसरं काही कारण नव्हतं.

सर परत आले. हायड्र्यांच्या पोटातलं अन्न जिरावं म्हणून दोन दिवस सगळ्यांना काहीच न घालता ठेवलं, मग पुढची कामं केली. शेवटी एका जेलीच्या पातळ वडीवर विजेच्या जोरावर त्या नकला पळवायच्या. लांब नक्कल मागे राहते, आखूड पुढे जाते. दिवा लावला. एक, दोन, तीन: लांब, म्हणजे तिसरा तुकडा राहिलेला. बरोबर. पाच, सहा: आखूड. बरोबर. आणि चार, थंडीतली चार, लांब.

सर आणखी खाली वाकले आणि हळूच म्हणाले, "चार नंबर काय म्हणतोय बेटा?"

मी म्हटलं, "माहीत नाही सर."

"तू काही येगळं केलतं का?"

"नाही सर."

बस्स. एवढंच. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी पुढे कित्येक दिवस स्वतःला समजावत होते. खोटं आहे ते. नसतंच सांगितलं.

पुण्याच्या मॅडम बघायला आल्या. चांगल्या बाई. म्हणाल्या, "सहातली एक. बरण्यांची अदलाबदल झाली असेल, काहीही असेल. चार नंबर वगळा, पाचावर लिहू. तुमच्या निवृत्तीआधी होऊन जाईल."

मी मनात म्हणत होते, वगळा सर, वगळा एकदाची!

सरांनी खिशातून खडू काढला, टेबलावर एक गोल काढला आणि त्यात चार लिहिलं. म्हणाले, "मॅडम, ती बरणी काय सांगतीय ते मला कळलं न्हाई. मला कळलं न्हाई म्हणून तिला कापायची? तुकडे वगळायचं काम त्या जनावराचं हाय. आपलं न्हाई."

मॅडम चहा घेऊन गेल्या. मार्चमध्ये ऊन असं तापलं की गार राहावेत म्हणून मडक्यात ठेवलेल्या बरण्यांतले हायड्रे विरघळून गेले, आणि एप्रिलमध्ये फ्रीजही बसला. प्रयोग पुन्हा करणं राहूनच गेलं. मेमध्ये शाल, श्रीफळ, भाषणं. प्राचार्य म्हणाले, सरांनी आयुष्य विद्यार्थ्यांना वाहिलं. छापलेल्या ओळीचं कुणी काही बोललं नाही, कारण ती नव्हतीच.

आणि मला काय झालं? माझ्या प्रबंधात ती चार नंबरची बरणी जशीच्या तशी होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पाठ थोपटली. "गैरसोयीचं निरीक्षणही प्रामाणिकपणे मांडलंय." प्रथम श्रेणी! त्या दिवशीचा पेढा मी न खाता तसाच कागदात गुंडाळून ठेवला.

मला बीडला ज्युनिअर कॉलेजात नोकरी लागली. सर चौसाळ्याला घरी. वाटलं, सुटले. कसली सुटतेय! दर रविवारी सकाळी फोन. "बेटा, चार नंबर पुढं व्हती न्हाई का? फ्रीजचं दार उघडलं की दिवा लागतो. म्हणजे उजेड लागला तिला. उजेडच आसंल!" पुढच्या रविवारी, "उजेड न्हाई. काच. त्या बरणीची काच जरा हिरवी व्हती." त्याच्या पुढच्या रविवारी, "तिच्यात शेवाळ जास्ती व्हतं का, आठव बरं." मी आठवल्यासारखं करायचे. एका रविवारी चाचींनीच, म्हणजे सरांच्या बायकोने, फोन घेतला. "बेटी, तू तरी सांग यांना. फ्रीजमधून माझं दूध बाहेर काढलं, अन् किडे आत ठेवले. दूध नासतंय रोज."

त्यांनी विहिरीतून पुन्हा हायड्रे आणले होते. घरातल्या फ्रीजमध्ये, भाजीच्या कप्प्याच्या वर. उजेडाचा प्रयोग. दोन वर्षं झाली होती, आणि साठी उलटलेला तो माणूस माझ्या एका "नाही सर"भोवती फिरत होता. मी त्याच दुपारी चौसाळ्याची गाडी धरली.

सर ओसरीत बसले होते. तसाच पांढरा खिसा. चाचींनी चहा दिला. सरांनी वही उघडून उजेडाचे तक्ते दाखवायला सुरुवात केली. मी म्हटलं, "सर, उजेड नव्हता. मी होते." आणि सगळं सांगितलं. ड्रॉपर, पिल्लू, आठ दिवस, "दहा-दहा." बोलताना मी त्यांच्या पँटच्या लांब पायाकडे बघत होते, वर बघायची हिंमत नव्हती.

सर म्हणाले, "हाताने भरवलंस?"

"हो."

"अन् पाच, सहामधल्या पिसवा?"

"तळाशी पडून होत्या सर. गारठलेल्या. हायड्र्यांना मिळतच नव्हत्या."

त्यांनी वही मिटली. उठले. फ्रीजकडे गेले, दार उघडून आत बघत उभे राहिले, ते लावायचं विसरले. चाची ओरडल्या, "अरे, दार!" सर तिकडे तोंड करूनच बोलले, "म्हणजे माझी थंडीतली जनावरं उपाशी व्हती. तीन वर्षं मी जेवण टाकत व्हतो अन् ती उपाशी. मी थंडी, थंडी करत बसलो. खडू भुकेच्या हातात व्हता."

मला वाटलं आता रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. ते वळले, आणि त्यांचे डोळे भरले होते.

"हायड्राला आठ दिवस खाऊ घातलंस," ते म्हणाले, "अन् मला दोन वर्षं उपाशी ठिवलंस गं."

मी रडायला लागले. हुंदके देऊन, लहान पोरीसारखी. चाचींना काही कळेना. त्या सरांवरच उखडल्या. "कशाचे उपाशी? आत्ताच दोन भाकरी खाल्ल्या! पोरीला कशाला रडवता?" त्यावर सर हसले, मग मीही हसले, नाक पुसत.

पाच मिनिटांनी ते फरशीवर बसून खडूने चार चौकोन आखत होते. उबेत पोटभर, उबेत उपाशी, थंडीत पोटभर, थंडीत उपाशी. "थंडीत पोटभर कोण घालंल?" त्यांनी विचारलं आणि माझ्याकडे बघितलं. त्यानंतर दोन महिने मी दर शनिवार-रविवार चौसाळ्याला जाऊन चाचींच्या फ्रीजपुढे ड्रॉपर घेऊन बसले. इतर दिवशी सर स्वतः भरवायचे, "ले बाबा, खा ले," म्हणत. नकला पळवायला आम्ही बरण्यांतला माल जुन्या कॉलेजात नेला. उत्तर स्वच्छ आलं: पोट भरलेलं असेल तर तिसरा तुकडा राहतो, आठवडाभर उपाशी असेल तर जातो, मग बाहेर ऊब असो की थंडी. भुकेच्या वरही कुणी बसलं असेल, ते अजून माहीत नाही. सरांना त्याचा लई आनंद. "म्हणजे अजून काम हाय!"

निबंध लिहिला. एक मधलंच संशोधन-मासिक, फार मोठं नाही, पण छापणार होतं. मसुदा मला वाचायला दिला. पद्धतीच्या भागात एक वाक्य होतं: चार क्रमांकाच्या बरणीला एका विद्यार्थिनीने दयेपोटी हाताने खाऊ घातले, व तशी नोंद केली नाही.

मी म्हटलं, "सर, पहिला अर्धा राहू द्या. पुढचं तेवढं काढा ना. खाऊ घातलं, बास. नोंद केली नाही हे कशाला? मी आता शिकवते, मुलं वाचतील."

सरांनी वाद घातला नाही. खिशातून खडू काढला, माझ्या हातात ठेवला, आणि "तू ठरव," म्हणून हायड्र्यांना जेवण द्यायला आत गेले. मी कागद मांडीवर घेऊन बसले. आतून "खाना खाया?" ऐकू येत होतं. खडू माझ्या बोटांना लागला, ओढणीला लागला. कागदावर मात्र मी काही ओढलं नाही. ते आले तेव्हा खडू त्यांच्या खिशात परत टाकला.

वाक्य पूर्ण छापून आलं. मी तो निबंध दर वर्षी बारावीच्या मुलांना वाचून दाखवते. कुणीतरी हमखास विचारतंच, "मॅडम, ही विद्यार्थिनी कोण?"

मी हात वर करते, हजेरीला करतात तसा.